किल्लेश्वरा, थंडावा दुसऱ्याच्या हातून येऊ दे

हे किल्लेश्वरा, मढच्या किल्ल्याजवळ समुद्राच्या कडेला बसलेल्या महादेवा, आम्ही अर्धशिशीने दमलेल्या बाया तुझ्या पायाशी आलो आहोत. आत येताना घंटा वाजवली नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. घंटेचा एक ठोका आमच्यातल्या कितीजणींच्या कपाळातून आरपार जातो, ते तुला ठाऊक आहे. कापूर आणि उदबत्तीही आणली नाही. आज तो वास सोसणार नाही अशी एकजण सोबत आहे. पाण्याचा तांब्या आणि बेलाची पाने तेवढी आणली आहेत. येताना आई हरबादेवीच्या पाया पडलो. आमच्यातली एक एरंगळची आहे; ती समुद्रकाठच्या संत बोनाव्हेंचरच्या देवळात मेणबत्ती लावून मग आमच्यात आली. तिचे मागणे आणि आमचे मागणे एकच आहे. तेही इथेच ऐकून घे.

तुझ्याकडे येण्याला कारण आहे, देवा. समुद्रमंथनातून हलाहल वर आले तेव्हा त्याला हात लावायला कोणी पुढे होईना. तू ते ओंजळीत घेतलेस आणि प्यालास. त्या दाहाने तुझा माथा तापला, अंगाची लाही झाली. तेव्हा पार्वतीने तुझा गळा हाताने धरून विष तिथेच थोपवले, चंद्र तुझ्या माथ्यावर आला, देवांनी तुझ्यावर पाण्याच्या धारा धरल्या, अशी गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आजही तुझ्या पिंडीवर अभिषेकपात्रातून थेंबथेंब पाणी पडते. विष तू एकट्याने प्यालास. ते तुझ्या वाटणीचे होते, वाटून घेता आले नाही. पण थंडावा मात्र दुसऱ्यांच्या हातून आला. डोके तापल्यावर दुसऱ्याचा हात लागतो, हे तुझ्याइतके कोणाला कळेल?

आमचे दुखणे तुला सांगू दे. तू जाणतोस, तरी सांगू दे; कारण घरीदारी ते शेवटपर्यंत ऐकायला कोणाला वेळ नसतो. अर्धे कपाळ ठणकते. डोळ्यामागे कोणी बोट रुतवून बसते. उजेड नको होतो, आवाज नको होतो, वास नको होतो, पोटात ढवळते. आणि आमचे गाव तर उजेडाचे, आवाजाचे आणि वासाचे. पहाटे जेट्टीवर डिझेलचा धूर असतो. वर्सोव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत बसले की उन्हाने चमकणारे पाणी थेट डोळ्यांत शिरते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीवर टाकायचे, जवळा पसरायचा, कावळे हाकलायचे, हे सगळे काम भर उन्हातले. रात्री शूटिंगच्या बंगल्यांवर दिवे जळतात, जनरेटर घुमत राहतो. हळदीला बँजो आणि डीजे असतो, आणि तिथून उठून घरी जावे तर पाहुणे विचारतात, कशाने रुसलीस?

देवा, सुक्या मासळीचा वास आमच्या अन्नाचा वास आहे. त्याने आमची घरे उभी राहिली, पोरे शिकली. त्याला आम्ही नावे ठेवत नाही. तू फक्त एवढे जाण की ज्या कामावर पोट आहे तेच काम डोके उठवते, आणि तरी उद्या पहाटे पाटी उचलायचीच असते.

ज्यांचे डोके महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस दुखते, तीन महिन्यांहून अधिक काळ दुखत राहते आणि त्यातले निदान आठ दिवस अर्धशिशीची लक्षणे दाखवतात, त्यांच्या आजाराला डॉक्टर क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. कागदावर हे दिवस मोजता येतात. थकवा त्या मोजणीत येत नाही. झटक्याच्या आदल्या दिवशीच जांभया सुरू होतात, मान अवघडते, उगाच रडू येते. मग तो दिवस येतो. तो गेला की दुसरा दिवस रिकामा जातो. ओहोटीला गाळात रुतलेली होडी जशी फुटलेली नसते आणि हलतही नाही, तसे ते अंग पडून असते. बोलायचे शब्द सापडत नाहीत, चुलीवरचे दूध उतू गेलेले दिसूनही उठवत नाही. हे सरते न सरते तोच पुन्हा जांभया. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात, बंदर विसावा घेते. डोक्याला अशी बंदी कोणी घातलेली नाही.

आणि सर्वांत जास्त दमवते ते पटवून देणे. जखम नाही, ताप नाही, एक्सरेत काही दिसत नाही. नवऱ्याला पटवायचे, सासूला पटवायचे, मालाडच्या बाजारात जागा धरून ठेवलेल्या शेजारणीला पटवायचे, शाळेत बाईंना पटवायचे. कोणी सांगते, सूर्य उगवण्याआधी दूध-जिलेबी खा. कोणी सांगते, सुंठ उगाळून लाव, नाकात तूप सोड. मायेने सांगतात, देवा, त्यांच्यावर आमचा राग नाही. पण शंभरावा उपाय ऐकण्याचेही श्रम असतात, आणि तो लागू पडला नाही की दोष पुन्हा आपल्याच अंगावर येतो.

म्हणून आधी तुझे आभार मानू दे, त्या सर्वांसाठी ज्यांनी हे दुखणे खरे मानले. सुश्रुताने डोक्याचे अकरा रोग सांगितले आणि त्यांत अर्धावभेदकाला, म्हणजे अर्धशिशीला, जागा दिली. उन्हाबरोबर चढणारा आणि उन्हाबरोबर उतरणारा सूर्यावर्तही त्यात घातला. इतक्या जुन्या काळी कोणीतरी दुखणाऱ्या माणसाजवळ बसून दिवसभर पाहिले असेल, तेव्हा हे लिहिले गेले. आपल्या काळात ज्यांनी चेहऱ्याला आणि कवटीच्या आतल्या आवरणाला जोडलेल्या ट्रायजेमिनल नसेचा माग काढला, झटक्याच्या वेळी तिथून सीजीआरपी नावाचा पदार्थ सुटतो हे दाखवले, त्यांचेही भले कर. लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मोस्कोविट्झ आणि येस ओलेसन या चौघांना या कामासाठी २०२१ साली ब्रेन प्राइझ मिळाले. आमच्यातल्या बहुतेकींना ही नावे उच्चारताही येत नाहीत. पण त्यांच्यामुळे आम्ही घरात सांगू शकतो की हे नाटक नव्हे, आळस नव्हे, कोणी केलेली करणी नव्हे. ही नसेची आणि मेंदूची व्याधी आहे, आणि पुरुषांपेक्षा बायकांना ती सुमारे तिप्पट गाठते.

आणि आता सर्वांत मोठे आभार. तू आम्हाला एकमेकींजवळ आणलेस.

एका सकाळी फेरीबोटीत मी पदर तोंडावर ओढून बसले होते. बाजूच्या बाईने काय झाले असे विचारले नाही. ती माझ्या आणि उन्हाच्या मध्ये उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “बाय, कुठली बाजू?” मी डाव्या बाजूला बोट लावले. “माझी उजवी,” ती म्हणाली. वर्सोवा येईपर्यंत ती तशीच उन्हात उभी होती. महादेवा, इतकी वर्षे औषध घेतले, नवस केले. पण आपण खोटे नाही आहोत, हे मला त्या सावलीत पहिल्यांदा कळले. ती सावली तूच धरलीस, असे मी मानते.

तिथून आम्ही एकेक जमत गेलो. कोणी मासळी विकणारी, कोणी बंगल्यावर स्वयंपाक करणारी, कोणी भाटीची, कोणी एरंगळची, कोणी कॉलेजात जाणारी पोर. ऊन उतरल्यावर भेटतो, मोठ्याने बोलत नाही, गजरे माळून येत नाही. जिचे डोके धरले ती फोनवर एवढेच कळवते: आज नाही. तिला उलट प्रश्न कोणी विचारत नाही, कारण त्या वेळी फोनचा उजेडही टोचतो. एकजण तिची पाटी आपल्या पाटीसोबत बाजारात नेते आणि पैसे संध्याकाळी पोचते करते. एकजण पोराला शाळेतून आणते. एकजण घरी जाऊन सासूबाईंशी बोलते. कारण आपले दुखणे आपण सांगितले तर गाऱ्हाणे ठरते, दुसरीने सांगितले तर ऐकून घेतात.

आम्ही वही ठेवतो. कोणत्या दिवशी दुखले, किती वेळ, पाळी कधी आली, झोप किती झाली, जेवण चुकले का, गोळी कोणती घेतली. जिला लिहिता येत नाही तिची वही कॉलेजची पोर लिहिते. डॉक्टरांकडे जाताना ती वही घेऊन दुसरी बाई सोबत जाते; कारण दुखून दमलेले माणूस डॉक्टरांपुढे बसले की अर्धे विसरते आणि उरलेले सांगताना रडते. मढहून मोठ्या दवाखान्यात जायचे म्हणजे होडी, रिक्षा, मग गाडी. नाहीतर मार्व्यावरून मालाडपर्यंतचा मोठा वळसा. त्या वाटेवर बाजूला कोणी बसलेले असणे हेही औषध आहे, देवा. त्यासाठी तुझे आभार.

आमच्या आधी ज्यांनी ही वाट पाडली त्यांचीही आठवण करतो. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात १९३५ साली दारूने पोळलेली दोन माणसे एकमेकांशी बोलत बसली आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभे राहिले. आपल्या मुंबईत कर्करोगातून उठलेल्यांनी दुसऱ्या रुग्णांना धीर द्यावा म्हणून १९९४ साली व्ही केअर सुरू झाले. पुण्यात अपस्मार असलेल्यांसाठी संवेदना आहे, कंपवात असलेल्यांसाठी पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. आजार वेगळे, पण सगळीकडे एकच गोष्ट घडली: ज्याने सोसले तो सोसणाऱ्याजवळ जाऊन बसला. त्यांच्या पंक्तीला आम्हालाही बसव.

आता मागणे मागते.

आम्हाला एकमेकींचा आधार होऊ दे, पण एकमेकींचे डॉक्टर होऊ देऊ नकोस. माझी गोळी मला लागू पडली म्हणून ती मी दुसरीच्या हातावर ठेवणार नाही, एवढी शिस्त दे. डोकेदुखीच्या गोळ्याच जास्त झाल्या तर त्याच डोके दुखवू लागतात. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस किंवा जास्त, आणि अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गोळ्या किंवा मिश्र गोळ्या दहा दिवस किंवा जास्त, असे महिनोन्‌महिने घेतले की हा फास आवळतो, असे डॉक्टर सांगतात. दुकानातून पाकीट आणणे सोपे असते आणि बाजार चुकवणे अवघड असते, म्हणून हात गोळीकडे जातो. त्या हाताला दोष न देता तो धरणारी मैत्रीण प्रत्येकीला दे.

झटका येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या ज्यांना दिल्या आहेत, त्यांना धीर दे. त्यांचा गुण कळायला दोन-तीन महिने जातात. आठ दिवसांत काही झाले नाही म्हणून त्या कोनाड्यात पडू नयेत. कोणाला त्यांनी सुस्ती आली, कोणाचे वजन वाढले, तर ते लपवू न देता डॉक्टरांना सांगण्याचे धैर्य दे.

आणि नेहमीचे दुखणे कोणते, वेगळे कोणते, हे ओळखण्याची बुद्धी दे. एकाएकी वीज कोसळावी असे डोके दुखले, हातपाय लुळे पडले, बोबडी वळली, तापाबरोबर मान ताठली, तर ‘तिचे नेहमीचेच आहे’ असे आमच्यापैकी कोणीही म्हणू नये. त्या क्षणी आम्हाला पाय दे, आवाज दे, खाडी ओलांडायला होडी दे.

उपवासाबद्दल तुझ्याकडे पदर पसरते, महादेवा. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र आम्हाला झेपत नाहीत. पोट रिकामे राहिले की डोके उठते, जागरण झाले की दोन दिवस अंथरूण. आमच्यातल्या कितीतरी जणी उपास मोडला म्हणून स्वतःला आतून कुरतडत राहतात. त्यांच्या मनातले ते भय काढून टाक. वेळेवर खाल्लेला भाताचा घास आणि वेळेवर घेतलेली झोप हीच तुझी पूजा म्हणून स्वीकार. घरातल्या थोरांनाही तसे सुचव.

आमच्यात तुलना शिरू देऊ नकोस. माझे जास्त, तुझे कमी, असा हिशोब मैत्रीला मारतो. एकीला गुण आला आणि दुसरीला आला नाही, तर बरी झालेलीने दूर जाऊ नये आणि दुखणारीने मन आंबवू नये. ऐकताऐकता ऐकणारीही दमते. जिला आज ऐकवत नाही तिला तसे सांगता येऊ दे, आणि तिच्या जागी दुसरी उभी राहू दे. उपदेशाचा मोह आवर. जवळ बसून गप्प राहता येणे हे मोठे काम आहे, ते आम्हाला शिकव.

आमच्या घरच्यांसाठी मागते. नवरा, सासू, पोरे यांनाही आमच्या दुखण्याचा थकवा येतो. दिवे मालवलेल्या घरात पाऊल न वाजवता वावरणारी पोरे लवकर मोठी होतात. त्यांचे बालपण जप. त्यांच्यापैकी कोणाला हे दुखणे वारशाने येणार असेल, कारण ते घराण्यातून येते असे सांगतात, तर त्याला आमच्याइतकी वर्षे एकटे चाचपडावे लागू नये.

आमच्या बापयांसाठीही मागते. डोलीच्या जाळ्यावर गेलेला एखादा खलाशी भर समुद्रात कपाळ दाबून बसत असेल. तिथे अंधारी खोली नाही, आडोसा नाही, आणि बाकीचे हसतील म्हणून तो सांगतही नाही. त्याच्या होडीवर त्याच्याच दुखण्याचा एखादा सोबती असू दे. परीक्षेच्या दिवशी वांती होणाऱ्या पोराला बहाणेबाज न म्हणणारा शिक्षक भेटू दे.

ज्या नव्या औषधांनी सीजीआरपीलाच अडवता येते, त्यांतल्या पहिल्या इंजेक्शनला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. ती औषधे जिच्या घरी महिन्याची मिळकत मासळीच्या भावावर हलते तिच्याही आवाक्यात येऊ देत. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत डोकेदुखीला वेळ देणारे डॉक्टर वाढू देत. लांब रांगेतल्या शेवटच्या बाईचेही पूर्ण ऐकून घेण्याची ताकद त्यांना दे. तेही दमलेले असतात.

आणि आजार पुरता जावा असे आम्ही मागत नाही का? मागतो, देवा, रोज मागतो. तुझ्या इच्छेत असेल तर तो काढून घे. पण तोवरचे दिवस एकटीने काढायला लावू नकोस. विष तुझ्या कंठात राहिले आणि तरी तू जगाचा संसार चालवलास. तसे आमचे दुखणे राहणार असेल तर राहो, पण ते आमच्या हातातली कामे, आमचे हसणे, आमची माणसे गिळून टाकू नये.

आमच्याकडून हा शब्द घे. जिचे डोके आज शांत आहे ती जिचे दुखते तिच्याकडे जाईल. जाऊन आधी पाणी देईल, खिडकी लावेल, पोरांना जेवू घालेल, आणि कारण विचारणार नाही. दुखणे खरे आहे का, याचा पुरावा आमच्यात कोणी कोणाकडे मागणार नाही. नवी बाई आली तर तिला पहिल्यांदा आमचे सांगणार नाही, तिचे ऐकून घेऊ. हे व्रत आम्हाला झेपणारे आहे, कारण त्याला उपवास लागत नाही.

मढपासून मालवणीपर्यंत, खाडीपलीकडे वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, अंधेरी-घाटकोपरच्या चाळींत आणि इमारतींत आज कितीतरी बाया डोक्याला फडके घट्ट बांधून भिंतीकडे तोंड करून पडल्या असतील. त्यांना वाटत असेल की हे फक्त आपल्यालाच होते आणि आपणच कुठेतरी कमी पडतो. महादेवा, त्यांच्या शेजारी अशी एखादी बाई पाठव जी विचारील, कुठली बाजू? आणि तशी बाई कोणी सापडली नाही, तर आमच्यातली एक घेऊन जा. आम्ही तयार आहोत.

ॐ नमः शिवाय.